स्टार ट्रेकसारखं कथेत इलॉन मस्कचं नाव ठेवू की काढू?

मकरपुरा_फिटर

नमस्कार मंडळी, वडोदऱ्यातून लिहितोय. मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर गेज नि गॅस्केट आणि रात्री जेवण झालं की लिहायला बसतो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यंदा पहिल्यांदाच विज्ञानकथा लिहिलीये आणि एका वाक्यावर गाडी अडलीये.

कथा थोडक्यात सांगतो. साल २१८८, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फातून पाणी काढायचा प्लांट आहे, तिथे आपल्या दांडिया बाजारातली रेवती नावाची मुलगी फिटर आहे. एअरलॉकच्या दाराची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, तिला पसंत पडत नाही, नखाने दाबलं की खळगा पडतो तो लवकर भरून येत नाही, म्हणजे रबर मेलंय. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार असतात म्हणून साइट इनचार्ज तिच्या मागे लागतो की तू फक्त सही कर. तो तिला म्हणतो, राइट बंधू, इलॉन मस्क आणि पुढची एक शास्त्रज्ञ (ही मी बनवलेली आहे, २१५० च्या आसपासची) यांच्या रांगेत बसायचंय की जन्मभर रबरं चाचपत बसायचंय?

आता खरं सांगायचं तर हे मला स्टार ट्रेक: डिस्कव्हरी या मालिकेवरून सुचलं. त्यात डिस्कव्हरी जहाजाचा कॅप्टन लोर्का असंच नाव घेतो मस्कचं, मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकदम अंगावर काटा आला होता, की अडीचशे वर्षांनंतरच्या जहाजावर आपल्या काळातल्या माणसाचा गौरव होतोय.

पण अंक बघणाऱ्या मावशी म्हणतात की जिवंत माणसाचं नाव काढून टाक, दहा वर्षांनी वाचणाऱ्याला ते खड्यासारखं दाताखाली येईल. आणि मामा म्हणतात मस्क राहू दे, राइट बंधू काढ आणि त्यांच्या आधी विमान उडवलं म्हणतात ते आपले तळपदे घाल. मुदत रविवारपर्यंत आहे. खरंच मनापासून सांगा काय करू.

सुरसागर_काठी

दादा, कथा छान वाटतेय, ओ-रिंगचं ते नखाने दाबणं कारखान्यात काम केलेल्या माणसालाच सुचतं. पण तो प्रसंग तू जरा वेगळा लक्षात ठेवलायस, म्हणून आधी तेवढं सांगते.

तो पहिल्या सीझनचा चौथा भाग, ऑक्टोबर २०१७ मध्ये आला होता. कॉर्व्हान २ नावाच्या खाण वसाहतीवर क्लिंगॉन हे परग्रहावरचे शत्रू हल्ला करतायत, फेडरेशनचं, म्हणजे माणसं आणि मित्रग्रहांच्या संघाचं, ४० टक्के डायलिथियम (जहाजांना लागणारं खनिज) तिथून येतं, आणि वेळेत पोहोचू शकेल असं एकच जहाज आहे ते म्हणजे डिस्कव्हरी, कारण तिच्यावर बुरशीच्या बीजाणूंवर चालणारा तो नवा ड्राइव्ह बसवलेला. लांब उडी मारायचा पहिला प्रयत्न फसतो, जहाज एका ताऱ्याच्या तोंडाशी जाऊन निघतं, तो ड्राइव्ह बनवणारा शास्त्रज्ञ स्टॅमेट्स जखमी होतो आणि चिडून म्हणतो की मी असल्या कामासाठी हे संशोधन केलेलं नाही. तेव्हा लोर्का त्याला विचारतो की इतिहासात तुझी आठवण कशी राहावी असं वाटतं तुला? राइट बंधू, इलॉन मस्क, झेफ्रम कॉक्रन यांच्याबरोबर, की एक फसलेला बुरशीतज्ज्ञ म्हणून?

म्हणजे बघ, हा गौरव नाहीच आहे. एका जखमी माणसाला त्याच्या अहंकारावर बोट ठेवून कामाला लावायचा डाव आहे. आणि तो डाव पुरा पडतही नाही, म्हणून मग लोर्का वसाहतीतल्या माणसांचा आक्रोश अख्ख्या जहाजावर ऐकवतो. शेवटी उडी जमते ती कुठल्या थोर नावामुळे नाही, जहाजावरच्या बर्नहॅमच्या लक्षात येतं की पिंजऱ्यात ठेवलेला टार्डिग्रेड नावाचा महाकाय प्राणी बीजाणूंशी बोलू शकतो, तो रस्ता दाखवतो आणि त्याला त्याचा भयंकर त्रास होतो. मी तो भाग दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा त्या प्राण्याकडेच बघत होते.

तुझा इनचार्जही रेवतीला तेच करतोय ना? मग नकळत तू लोर्काचा प्रसंग बरोब्बर पकडलायस, फक्त तुला तो गौरव वाटला. मावशींना हे सांग.

तारांगण_कमाटीबाग

ताईंनी प्रसंग अगदी नीट सांगितला. त्यात एक भर घालतो, ज्यांनी मालिका पाहिली नाहीये त्यांनी माझी ही पोस्ट सोडून पुढे जावं कारण गुपित फुटेल.

जानेवारी २०१८ मध्ये कळलं की हा लोर्का आपल्या विश्वातला नाहीच, तो आरशातल्या विश्वातून आलेला, जिथे फेडरेशनच्या जागी टेरन साम्राज्य आहे, माणसं जिंकतात लुटतात आणि दया दाखवणं हा दुबळेपणा मानतात. आता ती तीन नावं पुन्हा ऐका. कॉक्रन कोण? आपल्या बाजूच्या इतिहासात ५ एप्रिल २०६३ ला मोंटानातून, टायटन क्षेपणास्त्राच्या सांगाड्यात बसून पहिली वॉर्प उडी, म्हणजे प्रकाशाहून वेगवान उडी, घेणारा, आणि ती बघून व्हल्कन हे परग्रहवासी खाली उतरतात तेव्हा त्यांचं स्वागत करणारा. पण २००५ च्या, स्टार ट्रेकच्याच एन्टरप्राइझ या मालिकेच्या एका जोडभागात आरशातला तोच प्रसंग दाखवलाय, तिथे व्हल्कन हात वर करून अभिवादन करतो आणि कॉक्रन कोटातून बंदूक काढून त्याला गोळी घालतो, मग जमाव जहाज लुटतो. लोर्का कॉक्रनचं नाव इतक्या आदराने घेतो तेव्हा त्याच्या मनातला कॉक्रन हा बंदूकवाला तर नसेल? आणि तसं असेल तर त्याच्या मनातले राइट बंधू कसे, आणि मस्क कसा? लेखकांनी एवढा विचार करून लिहिलं असेल नसेल, पण जानेवारीनंतर ते वाक्य तसंच राहिलं नाही एवढं नक्की. नाव तेच, बोलणारा बदलला की नावाचं वजन बदललं.

म्हणून माझं मत, नाव कुणाचं यापेक्षा ते कुणाच्या तोंडी आहे हे आधी ठरव. निवेदक म्हणून तू स्वतः मस्कला इतिहासात बसवत असशील तर काढ. इनचार्ज बसवत असेल तर खुशाल ठेव.

पानापानात

मी मावशींच्या बाजूने आहे आणि का ते नीट सांगतो, कारण या एका सवयीचा मला मनापासून राग आहे.

दोन खरी नावं आणि तिसरं बनावट, ही विज्ञानकथेची जुनी युक्ती. पहिल्या दोन पायऱ्यांवर वाचकाचा पाय ओळखीच्या जमिनीवर असतो, तिसरी पायरी नुसती कल्पनेची, पण तोवर तो चढण्याच्या लयीत आलेला असतो म्हणून पाय टाकून मोकळा होतो. स्टार ट्रेकने १९६८ मध्येच हे केलंय, जुन्या मालिकेतला कॅप्टन कर्क एका शास्त्रज्ञाबद्दल बोलताना आइन्स्टाइन, कझांगा आणि व्हल्कनचा सितार अशी नावं एका दमात घेतो. तिथे आइन्स्टाइन जाऊन १३ वर्षं झाली होती, त्याच्या कामाचा निकाल लागून गेलेला होता. मस्कचं २०१७ मध्ये नाव घेतलं तेव्हा निकाल लागला नव्हता आणि अजूनही लागलेला नाही. त्यानंतर त्याने २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, २०२५ मध्ये काही महिने अमेरिकन सरकारात खर्चकपातीचं काम केलं, आज त्याचं नाव काढलं की घराघरात दोन तट पडतात. २०१७ च्या लेखकाला हे कुठून कळणार, आणि म्हणूनच जिवंत माणसाला इतिहासाच्या फळीवर बसवायची घाई करू नये. जिवंत माणूस कथेत घालायचाच तर हॉकिंगसारखा घाला, १९९३ मध्ये ते स्वतः येऊन स्टार ट्रेकमध्ये न्यूटन, आइन्स्टाइन आणि डेटा या यंत्रमानवाबरोबर पत्ते खेळून गेले. तिथे कुणी त्यांच्या थोरवीचा निवाडा करत नाही, पत्त्यांचा डाव आहे आणि ते हसतायत. त्यांनी स्वतःचं काम स्वतः केलं.

आणि मराठीत याच्या अगदी उलटं उदाहरण आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कृष्णविवर ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांना केंब्रिजचे नारळीकर दिसू नयेत, फक्त कथा दिसावी म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. मोठं नाव वाक्यात आलं की ते वाचकाचं अर्धं लक्ष खातं, हे त्यांना माहीत होतं असं मला वाटतं. रेवती नखाने रबर दाबतेय त्या क्षणी वाचकाने मस्कबद्दल काय मत आहे याचा विचार करावा असं तुला वाटतं का? मला वाचक म्हणून नाही वाटत.

अलकापुरी_ऑर्बिट

पानापानात दादा, मला पटलं नाही. माफ करा, पण थोडं लांब लिहिणार आहे.

२२ डिसेंबर २०१५, आपल्याकडे सकाळचे सात वाजत होते, मी स्वयंपाकघरात बाबांच्या फोनवर लाइव्ह लावून बसले होते आणि बाबा चहा गाळत होते, शाळेची बस यायची वेळ झाली होती. मस्कच्या स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट वर गेलं ते ठीक, तसं आधीही पाहिलं होतं, पण मग पहिला टप्पा मागे फिरला आणि पाय उघडून केप कॅनाव्हेरलच्या जमिनीवर सरळ उभा राहिला. बाबांच्या हातातली गाळणी तशीच कपावर, चहा उतू जाऊन ओट्यावर. बाबा एवढंच म्हणाले, म्हणजे आता हे परत वापरणार? मी इंजिनिअरिंगला गेले ती त्या सकाळमुळे गेले. त्या अगोदर त्यांचं पहिलं रॉकेट फाल्कन १ तीनदा फसलं होतं, २००६, २००७ आणि २००८, चौथ्यांदा २८ सप्टेंबर २००८ ला कक्षेत पोहोचलं, आणि तेही फसलं असतं तर पैसे संपलेच होते. तीनदा फसूनही चौथ्यांदा पैसा लावणाऱ्याचं नाव राइट बंधूंच्या शेजारी आलं तर त्यात काय चुकलं? निकाल लागला नाही असं तुम्ही म्हणता, माणसाचा नसेल लागला, पण उतरणाऱ्या रॉकेटचा लागलाय. ती गोष्ट कुणी परत घेऊ शकत नाही.

२१८८ च्या चंद्रावर प्लांट असेल तर तिथलं सामान परत वापरता येणाऱ्या रॉकेटनेच गेलं असणार. तिथल्या माणसाला ते नाव माहीतच नाही असं दाखवणं मला खोटं वाटेल. ठेव रे नाव.

तारांगण_कमाटीबाग

ऑर्बिट, तुझी सकाळ वाचून खरंच बरं वाटलं. पण एक आहे, फाल्कनच्या मर्लिन इंजिनचं बरंचसं श्रेय स्पेसएक्सचा इंजिनिअर टॉम म्युलरचं, आणि टेस्ला तर २००३ मध्ये एबरहार्ड आणि टार्पेनिंगने सुरू केली, मस्क २००४ मध्ये पैसे घेऊन आला. इतिहासाच्या फळीवर एकाच माणसाची जागा असते आणि बाकीचे भिंतीत जातात.

कोठी_रोड

बाळा, मी इथे शाळेत ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे, नातीने हा धागा दाखवला म्हणून लिहितो. तुझ्या मामांच्या मुद्द्याबद्दल बोलतो कारण त्याला कुणी हात घातला नाही.

तळपदे घालू नकोस. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवलं आणि ते बघायला आपले सयाजीराव महाराज हजर होते, ही गोष्ट मी लहानपणी आजोबांकडून ऐकली आणि पुढे वर्गात मुलांनी मला दरवर्षी सांगितली. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. त्याला जोडून ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला देतात त्याची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासणी केली, त्यांचा निष्कर्ष असा की तो ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत. मामांचा आग्रह मला कळतो, आपलं माणूस पहिलं असावं असं कुणाला वाटत नाही, पण विज्ञानकथेत नेमकी हीच गोष्ट चालत नाही. राइट बंधूंची १७ डिसेंबर १९०३ ची पहिली उडी १२ सेकंदांची, १२० फूट, तिचा फोटो आहे.

आणि महाराजांना या गोष्टीची गरजच नाही रे. त्यांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० पासून गावोगाव वाचनालयं. तुला वडोदऱ्याचा तंत्र-उद्योजकच हवा असेल तर १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी इथे अलेम्बिक सुरू केली, त्यातले कोटीभास्कर मराठी. रेवती दांडिया बाजारातली आहे ना, मग तिच्या घरात ही नावं येता-जाता ऐकली गेली असतील. मामांना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव.

जाता जाता आणखी एक, राइट बंधूंचं नाव ठेवणार असशील तर त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकचंही बघ. चार्ली टेलर. १९०३ च्या विमानाचं इंजिन त्याने दुकानातल्या लेथवर नि ड्रिलवर साधारण सहा आठवड्यांत बनवलं, अ‍ॅल्युमिनियमचं क्रँककेस तिथल्याच एका फाउंड्रीतून ओतून आणलं. जवळपास १२ हॉर्सपॉवर. तुझ्या जीआयडीसीतल्या माणसासारखा माणूस होता तो.

वळवाची_छत्री

सगळे मस्कवर बोलतायत आणि त्या वाक्यात ज्याला टोमणा मारलाय त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही!

स्टॅमेट्स हे नाव मालिकेने बनवलेलं नाही. पॉल स्टॅमेट्स हा खराखुरा बुरशीतज्ज्ञ आहे, अमेरिकेत राहतो, १९८० मध्ये त्याने बुरशीची स्वतःची कंपनी सुरू केली, कवकजाळ्यावर पुस्तकं लिहिली, म्हणजे तोही एक उद्योजकच. मालिकेतल्या पात्राला त्याचंच नाव दिलंय आणि जमिनीखालचं सगळं एकमेकांना जोडणारं जाळं ही त्याची कल्पना उचलून अख्ख्या विश्वात पसरवलीये. जहाजात वाढवतात ती बुरशी प्रोटोटॅक्साइट्स या नावाची, तेही खरंच आहे, चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर झाडं नव्हती तेव्हा हे आठ-आठ मीटरचे खांब उभे असायचे, त्यांचे जीवाश्म सापडलेत.

मी घरी धिंगरी आळंबी लावते, गव्हाच्या काडाच्या पिशव्या टांगून, पावसाळ्यात वडोदऱ्याच्या हवेत मस्त येतात. दोन-तीन आठवडे पिशवीवर नुसता पांढरा कापूस दिसतो आणि मग एके दिवशी सकाळी चिरेतून बोटाएवढे झुपके बाहेर. त्यामुळे फसलेला बुरशीतज्ज्ञ ही शिवी ऐकली की मला लागतं. आणि बघा ना, त्या एका वाक्यात दोन जिवंत उद्योजक आहेत, एकाचं नाव मोठ्याने घेतलंय, दुसऱ्याचं नाव घेतलेलंच नाही पण तो समोर उभा आहे आणि पुढचे सगळे सीझन त्याच्या कल्पनेवर चाललेत. मला विचाराल तर खरा मान हा दुसरा.

मकरपुरा, तुझ्या कथेत असं काही करता येईल का? नाव न घेता?

मकरपुरा_फिटर

काल रात्री सगळं दोनदा वाचलं आणि आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत कागदावर बदल केले. एकेकाचं नाव घेऊन आभार मानत बसत नाही पण कोठी रोडच्या काकांना नमस्कार, मामांना वाचून दाखवलं, मामा बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले कोटीभास्करांबद्दल मला कधी कुणी सांगितलंच नाही. तळपद्यांचा विषय संपला.

मस्क ठेवलाय. पण ताईंनी आणि तारांगणने म्हटलं तसं तो आता पूर्णपणे इनचार्जचा आहे, आधी त्या वाक्यापाठोपाठ रेवतीची छाती फुगते असं मी लिहिलं होतं, लाज वाटली वाचून, ती ओळ गेली. पानापानात दादांचा मुद्दा मनात राहिलाय की मोठं नाव वाचकाचं लक्ष खातं, म्हणून ते वाक्य ओ-रिंगच्या प्रसंगातून उचलून आधी कँटीनमध्ये नेलं, इनचार्ज सेव-उसळ खाताखाता बोलतो आणि रेवती ऐकून घेते. एअरलॉकच्या दारापाशी आता एकही नाव नाही. तिथे फक्त नख, रबर आणि न भरून येणारा खळगा आहे, आणि दाराबाहेरची थंडी.

पण कँटीनमध्ये तिने उत्तर काय द्यावं ते सुचत नव्हतं. आधी ती रागाने उठून जायची. आता असं केलंय, ती पाव मोडते आणि विचारते, "राइट बंधूंचं इंजिन कुणी बनवलं होतं?" इनचार्जला माहीत नसतं. ती सांगतही नाही. वाचकालाही मी सांगत नाहीये, ज्याला हवं तो शोधेल.

मावशींना संध्याकाळी फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या मस्कचं अजून बघू, पण पाव मोडते ते ठेव. रविवारच्या आत एक शंका तेवढी कुणीतरी सोडवा, चंद्राच्या ध्रुवाजवळच्या सावलीत उणे दोनशेच्या खाली थंडी असते असं धरलंय, तेवढ्या थंडीत साधं नायट्राइल रबर काचेसारखं कडक होईल, मग तिथे टेफ्लॉन लिहू की धातूचं सील लिहू? कारखान्यात क्रायोजेनिक व्हॉल्व्हला आम्ही टेफ्लॉन वापरतो, पण रेवतीला ते नखाने दाबून काही कळणार नाही. दार आतून गरम ठेवलेलं दाखवलं तर नायट्राइल चालेल का?

अलकापुरी_ऑर्बिट

आतून हीटर दाखव, आणि मग हीटरची एक बाजू बंद पडलीये म्हणून रबर तेवढ्याच जागी कडक झालंय असं कर. मग एका जागी नख दाबल्यावर लगेच वर येतं आणि हातभर पुढे येत नाही, हे तिच्या बोटाला कळेल. नायट्राइल ठेवू नकोस, सिलिकोन घे, ते थंडीत त्यामानाने जास्त टिकतं. उद्या रात्री मसुदा टाक, मी आणि बाबा दोघं वाचतो.